क्रिएटिनिन नॉर्मल, तरी लघवीतून प्रथिने?

प्रश्न : माझे वय ५४ असून गेली आठ वर्षे मला मधुमेह आहे. रक्तातील क्रिएटिनिन ०.९, म्हणजे नॉर्मल आहे. तरीही डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायला लावले आणि ते ६८ आले. साध्या तपासणीत तर प्रथिने ‘नाहीत’ असे लिहिले होते. यातले खरे काय मानावे? डाळी बंद कराव्यात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले तिन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात. मूत्रपिंडांची बरीचशी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास, कार्यक्षमता कमी होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडे लघवीतून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल मर्यादेतच राहू शकते. मधुमेहात मात्र गाळणीचे सूक्ष्म पडदे त्याच्या कितीतरी आधी सैल होऊ लागतात आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन थोडे थोडे लघवीत झिरपू लागते. म्हणूनच, कोणताही त्रास नसताना ही तपासणी करायला सांगणारे आपले डॉक्टर योग्य तेच करत आहेत.

साध्या तपासणीत लघवीत बुडवतात त्या पट्टीचा रंग लघवीतील प्रथिनाच्या तीव्रतेनुसार बदलतो, आणि ती तीव्रता आपण किती पाणी प्यायलात यावरही अवलंबून असते. समजा, पातळ लघवीच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे. एवढ्याने पट्टीचा रंग सहसा बदलत नाही. पण त्याच नमुन्यात क्रिएटिनिन ४० मिलिग्रॅम असेल, तर गुणोत्तर १२५ येते, म्हणजे एका ग्रॅम (१००० मिलिग्रॅम) क्रिएटिनिनमागे १२५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन. लघवी पातळ झाली की दोन्ही घटक सारख्याच प्रमाणात विरळ होतात, त्यामुळे गुणोत्तर फारसे ढळत नाही. येथील क्रिएटिनिन लघवीतले आहे, रक्तातल्या ०.९ या आकड्याशी त्याची गल्लत करू नये.

एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढलेले आणि त्यापुढे तीव्र वाढलेले मानतात. आपले ६८ मधल्या गटात मोडते. मात्र एकाच रिपोर्टवरून निदान करू नये. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम किंवा फार वाढलेली साखर यांमुळेही हा आकडा तात्पुरता चढतो. सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा नमुना देऊन तपासणी पुन्हा करावी. तीन ते सहा महिन्यांतील तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली, तरच ती कायमची समजतात. टाईप २ मधुमेहात निदान झाल्यापासून दरवर्षी हे गुणोत्तर तपासायला हवे, आणि नेमके तेच आपल्याकडे राहून जाते, याची मला फार खंत वाटते.

डाळी बंद करू नयेत. खाल्लेली प्रथिने जशीच्या तशी लघवीत उतरत नाहीत. प्रोटीन पावडर मात्र टाळावी. वाढ कायम राहिली तर साखर आणि रक्तदाब यांच्या नियंत्रणाबरोबर रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्यांनी अल्ब्युमिनची ही गळती कमी करता येते. त्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू कराव्यात आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे.