सांध्याची रेघ

प्रिय मित्रा,

तुझ्या बाकाची रेखाटनं दोनदा नीट पाहिली. लाकडी फळी, खाली ॲल्युमिनियमची चौकट, पाठीला ॲक्रिलिकचा लांब पत्रा. बाक देखणा आहे. पण ही तीन द्रव्यं जिथे एकमेकांना टेकतात, तिथे तू नुसती एक रेघ मारून पुढे गेला आहेस. मला त्या रेघेबद्दलच बोलायचं आहे. बाक टिकणार की नाही, ते तिथे ठरेल.

एक मीटर लांबीचा तुकडा ४० अंशांनी तापला, तर स्टील साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम जवळपास एक, आणि ॲक्रिलिक जवळपास तीन. दोन्ही टोकांना आवळलेल्या ॲक्रिलिकला ती वाढ घालवायला जागाच उरत नाही. मग पत्रा फुगतो, नाहीतर भोकाच्या कडेपासून तडकतो. लाकूड उष्णतेपेक्षा ओलाव्याने हलतं, तेही आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो.

हे मी फार उशिरा शिकलो. सुरुवातीच्या काळात एक रुंद टेबल केलं होतं. फळी स्टीलच्या चौकटीवर ठेवून आठ स्क्रूंनी गच्च आवळली, आणि मजबूत झालं म्हणून समाधानाने हात पुसले. हवा कोरडी झाली तशी फळी आक्रसू लागली, स्क्रूंनी तिला सोडलं नाही, आणि ती रेषांच्या दिशेने उभी फाटली. कितीतरी दिवस मी लाकडालाच दोष देत होतो. खरं तर चौकटीला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडल्या असत्या, तर फळी निमूट सरकली असती.

दुसरा धोका धातूंच्या जोडीचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि वर ओल असली, की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याचं कवच आणि आतल्या लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये विलग ठेवणारा थर होता. तो खराब झाला आणि लोखंड गंजत गेलं. १९८६ साली संपलेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर दिला. तुझ्या मोठ्या ॲल्युमिनियम चौकटीत छोटे स्टेनलेस स्क्रू बराच काळ निभावतील. मोठ्या स्टेनलेस पत्र्यात ॲल्युमिनियमची रिव्हेट मात्र लवकर खाल्ली जाते. बाक उघड्यावर राहणार असेल, तर दोन्हींमध्ये नायलॉनचा वॉशर टाकच.

याचा अर्थ वेगवेगळी द्रव्यं एकत्र आणू नकोस, असा मुळीच नाही. काँक्रीट ताणाला कच्चं, स्टील ताणाला पक्कं. दोघं उष्णतेने जवळपास सारखीच वाढतात, आणि काँक्रीटचा अल्कधर्मी गुण आतल्या स्टीलला गंजापासून सांभाळतो. अशी जोडी सापडली की मला आजही मनापासून आनंद होतो.

गोंदाचा विचार करत असशील, तर आधी पृष्ठभाग पाहा. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला बहुतेक गोंद धरतच नाहीत. माझा कल स्क्रूकडे आहे: पाठीचा पत्रा तडकला तर तेवढाच बदलता येतो, आणि बाक मोडीत निघाला तर प्रत्येक द्रव्य वेगळं काढता येतं.

आता पूर्ण बाक करू नकोस. फक्त तीन सांधे खऱ्या मापात काढ आणि प्रत्येकाचा हातभर नमुना कर. तो रात्रभर पाण्यात ठेव, मग दिवसभर कडक उन्हात, असं आठवडाभर कर. नंतर नमुने घेऊन ये. तडकले असतील तर तेच आधी दाखव.

तुझा,
जुना शिक्षक