लाल तबकडीचं एचएमटी पायलट अस्सल आहे का?

तुम्ही चोर बाजारातून घेतलेल्या लाल तबकडीच्या पायलट घड्याळाबद्दल विचारलंय. यंत्र बहुधा खरं असेल, तबकडी मात्र मला नंतर रंगवलेली वाटते. पायलटची ओळखच काळी तबकडी आणि अंधारात चमकणारे आकडे-काटे ही. त्यात चावी द्यायचं, 17 ज्वेलचं (झीज कमी करणाऱ्या खड्यांचं) 0231 क्रमांकाचं यंत्र असतं, आणि तेच एचएमटीच्या जनता घड्याळातही असतं. त्यामुळे जनताच्या यंत्रावर रंगीत तबकडी चढवून ‘पायलट’ तयार करणं फार सोपं आहे.

भिंगाखाली सेकंदाच्या रेघा बघा. कारखान्याची छपाई रेखीव, सारख्या अंतराची असते. रंगवलेल्या तबकडीत अक्षरांच्या कडा फुगतात, काट्यांच्या भोकाशी रंगाचा थर साचतो. आकडे हिरवेगार आणि काटे पिवळट असतील, तर दोन्ही बहुधा एका वयाचे नाहीत.

काच, चावी, पट्टा बदललेला चालतो, ती देखभाल झाली. तबकडी रंगवली की ते ‘रीडायल’. तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र केले असतील, तर ते सरळ जोडकाम. त्याला संग्राहकाचा भाव देऊ नका. वेळ नीट दाखवत असेल तर रोज वापरा, पण विकताना लाल तबकडीबद्दल आधी सांगा.