कॅम्पर व्हॅनमध्ये जनरेटर सेफली कसा जोडायचा? वायरमन म्हणतोय "सरळ जोडून टाकू"

म्हणजे ट्रॅव्हलरची कॅम्पर केलीय, २ केव्हीएचा पोर्टेबल पेट्रोल जनरेटर घेतलाय, आणि गाडीतली लाइट कधी त्याच्यावर तर कधी होमस्टेच्या प्लगवर चालवायचीय, बरोबर ना? सरळ अजिबात जोडू देऊ नका. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तरी स्वतःच्या गाडीत शेण खाल्लंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चेंजओव्हर स्विच. टू पोल घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, मधे ऑफ पोझिशन असलेला. एका बाजूला बाहेरची लाइट, दुसऱ्या बाजूला जनरेटर, एका वेळी एकच. लोडशेडिंगच्या काळात लोक दोन्ही टोकांना पिन टॉप लावलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे, तो प्रकार गाडीत करायचा विचारही नको, एक पिन उपटली की हातात उघडे २३० व्होल्ट. चेंजओव्हरच्या पुढे ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच), मग डबल पोल एमसीबी, मग सॉकेट.

आता खरी गंमत. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये बहुतेक वेळा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो, हवेत असतो. माझ्या जनरेटरला दोन्ही होलमध्ये टेस्टर मिणमिणता पेटायचा, मला वाटलं जनरेटरच खराब निघाला. अशा सप्लायवर आरसीसीबी असून नसल्यासारखी असते, कारण लीक झालेला करंट परत यायला रस्ताच नाही, मग तिला फरक दिसणार कुठून. आणि वर तिचं टेस्ट बटण दाबलं तर ती मस्त ट्रिप होते! ते बटण आतल्या आतच रेझिस्टन्समधून करंट फिरवतं, त्याला अर्थिंगशी काही देणंघेणं नाही. वायरमन ते बटण दाबून दाखवेल आणि म्हणेल "बघा साहेब, ओके". त्यावर जाऊ नका.

उपाय म्हणजे जनरेटरचा न्यूट्रल आणि अर्थ एका ठिकाणी जोडायचा, आणि गाडीची चासी त्याच अर्थला जाड हिरव्या वायरने पक्की बोल्ट करायची. पण आधी जनरेटर बंद असताना, काही जोडलेलं नसताना, मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ कंटिन्युइटी बघा (काही जनरेटरमध्ये आतूनच जोडलेला असतो) आणि मॅन्युअल वाचा, त्यात जोडू नका म्हटलं असेल तर नका जोडू, कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारा.

न्यूट्रल-अर्थ जोडणारी ही लिंक कुठे टाकायची, इथेच मी माती खाल्ली. मी ती गाडीच्या डीबीत (डिस्ट्रिब्यूशन बोर्डात), आरसीसीबीच्या आधी पण चेंजओव्हरच्या नंतर टाकली. जनरेटरवर सगळं झकास. मग गुहागरला एका होमस्टेत प्लग लावला आणि त्यांच्या अख्ख्या घरात अंधार, ऐन जेवणाच्या वेळी, पानं वाढलेली. काका टॉर्च घेऊन आले, "तुमच्या गाडीत शॉर्ट आहे." शॉर्ट वगैरे काही नव्हतं, परत जाणारा करंट माझ्या लिंकमुळे न्यूट्रल आणि अर्थ दोन्हीतून वाटला जात होता आणि त्यांच्या ईएलसीबीने (तीही लीकेज पकडणारीच) बरोबर पकडला. उपकारच म्हणायचे तिचे. समजा तिथे ईएलसीबी नसती, सॉकेटला अर्थिंग नसतं आणि फेज-न्यूट्रल उलटे असते (आपल्याकडे हे तिन्ही एकत्र सापडणं काही अवघड नाही), तर माझ्या लिंकमधून सरळ फेज चासीवर आला असता, म्हणजे अख्खी गाडी लाइव्ह, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दार उघडायला जाणारी माझी मुलगी.

म्हणून लिंक चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या टर्मिनलवर. बाहेरच्या लाइटवर गेलं की ती आपोआप बाजूला पडते. लोखंडी सळई ठोका म्हणणारे भेटतील, पण कोकणात जांभ्यावर फूटभर सळई ठोकून काय मिळणार, आरसीसीबी ट्रिप होते ती या लिंकमुळे.

वायर मल्टिस्ट्रँड कॉपर, १६ अँपच्या सॉकेटला २.५ स्क्वेअर एमएम. घरच्यासारखी कडक सिंगल तार नको, गाडीच्या हादऱ्याने तुटते. पीळ मारून टेप नको, वायरच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबून क्रिम्प करा, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. लोडचं म्हणाल तर २ केव्हीए मॅक्झिमम असतं, सलग त्याहून कमीच मिळतं, आणि घाटावर उंचीमुळे अजून घटतं, महाबळेश्वरला अंदाजे १५ टक्के धरा. इंडक्शन आणि एसी एकाच वेळी चालवायचं विसरा.

आणि वायरिंग कितीही भारी करा, जनरेटर गाडीच्या आत, डिकीत किंवा ऑनिंगखाली (गाडीच्या बाजूला ओढायच्या कापडी छताखाली) चालवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेत कळतही नाही. किमान २० फूट लांब, धूर गाडीपासून पलीकडे जाईल असा ठेवा, झोपताना बंद, आत सीओ अलार्म. पाऊस आला म्हणून आत ओढणारे पाहिलेत मी, भिजायला लागला तर सरळ बंद करा, पंखा नसला तर एक रात्र काही मरत नाही कोणी.

शेवटी वायरमनचे पैसे द्यायच्या आधी आरसीडी (म्हणजे आरसीसीबीच) तपासायचं बटण असलेला सॉकेट टेस्टर मागवा, थ्री पिनसारखा दिसतो. तो खरोखर फेजमधून अर्थमध्ये करंट सोडतो. गाडीतल्या प्रत्येक सॉकेटला लावून बटण दाबा, एकदा जनरेटरवर, एकदा घरच्या लाइटवर. दोन्हीकडे आरसीसीबी पडली पाहिजे. जनरेटरवर नाही पडली तर लिंक नाहीतर अर्थची वायर लागलेली नाही, त्याला परत बोलवा. आणि होमस्टेला पोचलात की गाडी जोडायच्या आधी तोच टेस्टर त्यांच्या सॉकेटला, अर्थिंग नाही दाखवलं तर तिथे प्लग लावू नका.