लूप टाकू का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी अमळनेरचा, आमचा लग्नकार्यात वाजवणारा ऑर्केस्ट्रा आहे, गिटार माझ्याकडे. काकांकडून मला मार्शलचा ५० वॅटचा जुना हेड (स्पीकर नसलेला गिटार अॅम्प) मिळालाय, चार इनपुटवाला, मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचा नॉब) नाही. व्हॉल्यूम सातवर नेला की आवाज असा फाटतो ना, एकदम भारी शे! पण पुढे डिलेचं (इकोचं) पेडल लावलं की सगळा चिखल होतो. इकडचा एक मेकॅनिक म्हणतो, मागे दोन भोकं पाडून सेंड-रिटर्न, म्हणजे अॅम्पच्या मधेच पेडल जोडायचा लूप, काढून देतो. टाकू का?

उत्तर: नका टाकू भाऊ. लूप टाकला तरी तुमचा चिखल जाणार नाही, मग चांगल्या चेसिसला ड्रिल कशाला लावायचं.

आता का ते ऐका. लूप बसतो प्रीअॅम्प (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा पुढचा भाग) आणि पॉवर अॅम्प (स्पीकर हलवणारा मागचा भाग) यांच्या मधे, म्हणजे टोनच्या नॉबनंतर आणि फेज स्प्लिटरच्या (मागच्या दोन व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा टप्पा) आधी. ज्या अॅम्पचा आवाज प्रीअॅम्पमधेच फाटतो तिथे हे छान चालतं, कारण आधी आवाज फाटतो आणि मग त्या फाटलेल्या आवाजाचा स्वच्छ इको तयार होतो. पण तुमच्या अॅम्पला मास्टर नाही, त्यामुळे सातवर गेल्यावर फाटण्याचा मोठा वाटा फेज स्प्लिटर आणि मागच्या दोन ईएल३४ पॉवर व्हॉल्व्हचा असतो, आणि ते दोन्ही येतात लूपच्या नंतर. मग डिले लूपमधे लावा नाहीतर पुढे लावा, इको आणि नवा स्ट्रोक एकत्रच त्या व्हॉल्व्हमधे घुसणार आणि तिथे दाबले जाणार, बारीक इको सुद्धा मोठ्या स्ट्रोकच्या बरोबरीला येतो, तोच तुमचा चिखल.

घरी एकदा करून बघा: व्हॉल्यूम तीनवर, पुढे ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), त्याच्यानंतर डिले. इको मोकळा ऐकू येईल. लग्नाच्या हॉलमधे एवढ्यावर भागत असेल तर विषय संपला.

पण सातवरचाच आवाज पाहिजे असेल (आणि मी तुमच्या जागी असतो तर मलाही तोच पाहिजे होता) तर स्पीकरच्या लाइनवरून सिग्नल घ्या. ५० वॅट ८ ओहमवर म्हणजे साधारण २० व्होल्ट. स्पीकरला समांतर १० किलोओहम आणि ४७० ओहम असे दोन रेझिस्टर सिरीजमधे लावायचे आणि ४७० वरून सिग्नल काढायचा, एक व्होल्टच्या आतच मिळतो. तो डिलेत घाला, डिलेचा मिक्स पूर्ण इकोवर, आणि तिथून दुसऱ्या छोट्या अॅम्पमधे किंवा मिक्सरला, मिक्सरवर ट्रेबल थोडी कापा नाहीतर इको कानाला टोचतो. मूळ आवाज मार्शलच्या स्पीकरमधून जसाच्या तसा, इको बाजूने वेगळा. हे सगळं एका छोट्या डब्बीत मावतं, अॅम्पच्या आत हातच घालायचा नाही. फक्त स्पीकर कधीच काढायचा नाही, लोड नसताना व्हॉल्व्ह अॅम्प वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तसा परत मिळवणं आपल्याकडे फार अवघड आहे.

मास्टर व्हॉल्यूमवाला जुना अॅम्प असेल तर लूपला अर्थ आहे, पण दोन जॅक आणि चार वायर एवढ्यावर भागवू नका. टोनच्या नॉबनंतर इम्पीडन्स जास्त असतो, लांब केबल लावली की ट्रेबल मरते, म्हणून सेंडला कॅथोड फॉलोअर (इम्पीडन्स कमी करणारा व्हॉल्व्हचा टप्पा) लागतो. शिवाय तिथला सिग्नल ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला फार मोठा, म्हणून आधी कमी करायचा आणि रिटर्नला परत वाढवायचा. एका १२एएक्स७ च्या (प्रीअॅम्पचा छोटा दुहेरी व्हॉल्व्ह) दोन अर्ध्यांत ही दोन्ही कामं होतात, मात्र तिच्या हीटरला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर जादा लागतात, तेवढं पॉवर ट्रान्सफॉर्मरला झेपतंय का ते आधी बघायचं. आणि एक बायपास स्विच हवाच, पेडल नसताना अॅम्प मूळ होता तसाच वाजला पाहिजे.

भोकांबद्दल एवढं जीव तोडून सांगतोय कारण बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका जुन्या अॅम्पला ड्रिल लावलं होतं. लोखंडाचा कीस व्हॉल्व्हच्या सॉकेटमधे गेला, स्पार्क झाला, सॉकेट जळालं. सॉकेट बदललं, पण ती भोकं आजही त्या अॅम्पवर आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आणि त्या मेकॅनिकला एक विचारा, आत हात घालण्याआधी कंडेन्सर डिस्चार्ज करतो का? प्लग काढल्यावरसुद्धा ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज आत बसलेला असू शकतो, माणूस जातो त्याने. रेझिस्टरमधून हळू डिस्चार्ज करून मीटरवर शून्य बघितल्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही. तो स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारा असेल तर अॅम्प उचला आणि घरी आणा.

तुमच्या कॅबिनेटवर ८ ओहम लिहिलंय की १६ ते कळवा, १६ वर व्होल्टेज २८ पर्यंत जातं, मग ४७० च्या जागी ३३० लावायचा.