वाचक विचारतात: क्लस्टरची सामायिक साठवण

प्रश्न: सांगलीत आमच्या कॉलेजात क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र काम करणारे संगणक: एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेले चार (नोड). मुख्य संगणकावरचं होम फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारी पद्धत) सगळीकडे दिलंय. चौथ्या नोडवर लिहिताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. शिवाय वीज गेली की फायली अर्धवट राहतात.

उत्तर: एनएफएस नेहमीच्या मांडणीत नाव बघत नाही, वापरकर्त्याचा क्रमांक बघतं. दोन्हीकडे ‘आयडी’ कमांड चालवा. मुख्य संगणकावर १००१ आणि चौथ्यावर १००२ दिसलं, तर दोष तिथेच. त्या वापरकर्त्याला लॉगआउट करा, शेअर (वाटलेलं फोल्डर) त्या नोडवरून अनमाउंट म्हणजे वेगळं करा, मग वापरकर्त्याचा क्रमांक बदलणाऱ्या ‘यूजरमॉड’ कमांडने १००१ द्या. चिडून ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळी मुभा) मात्र देऊ नका. उद्या कुणीही कुणाचाही निकाल पुसेल. ‘रूट स्क्वॉश’ही (नोडवरच्या ‘रूट’ला, म्हणजे मुख्य प्रशासकाला, शेअरवर रूटचे अधिकार न देणारी सोय) चालूच राहू द्या.

अर्धवट फायलींसाठी मुख्य संगणकाची एक्स्पोर्ट्स फाइल (कोणतं फोल्डर कसं वाटायचं याची यादी) उघडा. तिथे ‘असिंक’ असू शकतं. म्हणजे डेटा डिस्कवर पोचायच्या आधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून मोकळा होतो. तसं असेल तर ‘सिंक’ करा, एक्स्पोर्ट्स पुन्हा वाचायला लावा. लिहिणं मंदावेल, म्हणून तात्पुरत्या फायली नोडच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. गिगाबिट जोडणीचे सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट चौघांत वाटले जातात, हेही ध्यानात घ्या. यूपीएसवर मुख्य संगणकासोबत नेटवर्क स्विचही हवा. तो हमखास विसरला जातो.