कार्ड तेच, लोगो तोच, मग मैत्रिणीला आयव्हीएफ मिळालं आणि मला का नाही?

ताई, तुमची मेल वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताई न्यू जर्सीत एडिसनला राहतात, एच-वन व्हिसावर, मोठ्या कंपनीत, नवरा रोज ट्रेनने मॅनहॅटनला जातो. डॉक्टरांनी आयव्हीएफ सांगितलं, ताईंच्या ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्स प्लॅनने 'नॉट कव्हर्ड' म्हणून हात वर केले, आणि त्याच बिल्डिंगमधल्या मैत्रिणीला त्याच इन्शुरन्स कंपनीने मंजूर केलं. राज्यात कायदा असताना ही फसवणूक नाही का, केस टाकता येईल का, आणि भांडले तर नोकरी जाईल का, असं विचारलंय.

फसवणूक नाही हो. चीड येण्यासारखं आहे, पण कायद्यात बसतं.

आधी इन्शुरन्सचं कार्ड उलटं करा. मागे बारीक अक्षरात इन्शुरन्स कंपनी 'फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बघते' अशा अर्थाची ओळ असेल तर प्लॅन सेल्फ-फंडेड आहे, म्हणजे हॉस्पिटलचं बिल तुमची कंपनी स्वतःच्या खिशातून भरते आणि लोगोवाला नुसता मुनीम, क्लेम तपासायचे नि फी घ्यायची. मैत्रिणीच्या कंपनीने बहुतेक खरीखुरी पॉलिसी विकत घेतलीय. न्यू जर्सीचा २००१ चा कायदा ५० पेक्षा जास्त लोकांच्या ग्रुप पॉलिसीत स्त्रीबीज काढायच्या चार फेऱ्यांपर्यंत आयव्हीएफ द्यायला लावतो खरा, पण तो पॉलिसी विकणाऱ्याला बांधतो. तुमच्या प्लॅनमध्ये पॉलिसीच नाही तर तो लागू कुणाला करणार?

हे सगळं १९७४ च्या एरिसा नावाच्या फेडरल कायद्यामुळे. आणला होता मुख्यतः कामगारांची पेन्शन वाचवायला, पण त्यातच एक वाक्य आहे की कंपनीच्या अशा प्लॅनला राज्याने इन्शुरन्स कंपनी समजायचं नाही. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. गंमत बघा, हा कायदा पुढे रेटणाऱ्या दोन मुख्य सिनेटरांपैकी एक न्यू जर्सीचा आणि दुसरा न्यूयॉर्कचा.

एचआरने तोंडी 'सेल्फ-फंडेड आहे' म्हटलंय ते धरून बसू नका. प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे (म्हणजे लोगोवाला नव्हे, बहुतेक तुमची कंपनीच) लेखी मागा, मूळ प्लॅन डॉक्युमेंट आणि त्याचं सारांश-पुस्तक दोन्ही. ३० दिवसांत दिलं नाही तर कोर्ट त्यांना दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं, म्हणून हे पत्र रजिस्टर्ड पाठवा, फोनवर गोड बोलून काही होत नाही.

पुस्तक आलं की वगळलेल्या गोष्टींचं पान शब्द न् शब्द वाचा. बऱ्याचदा आयव्हीएफ वगळलेलं असतं पण तपासण्या, सोनोग्राफी, एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन वगळलेलं नसतं आणि तरी सगळंच एका फटक्यात नाकारतात. तिथे अपील करा, नकाराचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवस असतात. डॉक्टरांचं पत्र, रिपोर्ट, सगळं त्यातच घाला कारण पुढे कोर्टात गेलात तर जज बहुतेक वेळा तीच फाइल बघतो, नवीन कागद घेत नाही. नकार 'मेडिकली गरज नाही' असा असेल तर अपील हरल्यावर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र रिव्ह्यूकडे जाता येतं आणि तो निकाल प्लॅनला पाळावा लागतो. पण 'प्लॅनमध्येच नाही' असं असेल तर तिथे दार उघडत नाही.

केसचं म्हणाल तर मनस्तापाची भरपाई विसरा. १९८७ पासून सुप्रीम कोर्टाने राज्याच्या कायद्याखाली तसं मागायचा रस्ता बंद केलाय, जिंकलात तर मिळायला हवं होतं तेवढंच, वर कदाचित वकिलाची फी. आयव्हीएफ स्पष्ट वगळलं असेल तर मी तुमच्याकडून पैसे घेऊन ही केस लढणार नाही.

नोकरीची भीती मात्र काढून टाका, हक्क मागितला म्हणून काढायला एरिसाच्याच कलम ५१० ने मनाई आहे. एचआरशी सगळं मेलवर बोला म्हणजे पुरावा राहील.

आता माझ्या मते तुमचा खरा रस्ता नवऱ्याच्या ऑफिसमधून जातो. तुम्ही लिहिलंय तिथे दीडशे माणसं आहेत. त्यांची पॉलिसी विकत घेतलेली असेल आणि न्यूयॉर्कमध्ये दिलेली असेल तर १ जानेवारी २०२० पासून १०० पेक्षा जास्त लोकांच्या ग्रुपला आयव्हीएफच्या तीन सायकल द्याव्याच लागतात, तुम्ही राहता न्यू जर्सीत म्हणून काही बिघडत नाही, पॉलिसी कुठल्या राज्यात दिली ते बघतात. पण मध्येच आपला प्लॅन सोडला म्हणून त्यांना तुम्हाला घ्यावं लागत नाही, त्यामुळे दोघांचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन निवडायची-बदलायची मुदत, कधी असतं ते आजच विचारा, तारखा जुळल्या नाहीत तर सही करण्याआधी मला कळवा.

नकाराचं पत्र १२ मार्चला हातात पडलं म्हणता, म्हणजे अपील ८ सप्टेंबरच्या आत. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, आणि ते पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवा.