ढग लांब असतानाच वळ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी विमानावर कॅप्टनशेजारी बसून शिकणं, ऐन मे महिन्यात सुरू होतंय, म्हणजे वळवाच्या ढगांशी गाठ पडणारच.

मोठ्या सीबीपासून (क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळी ढगापासून) 20 नॉटिकल मैल लांब राहायचं, हे तुला पाठ असेल. पण वळायचं कधी? ढग 100 मैलांवर असताना बारा अंश वळलास तरी भागतं. 40 मैलांवर तेच अंतर राखायला तीस अंश लागतात, आणि हातात जेमतेम पाच मिनिटं उरतात. वरून जाण्याचा विचारही नको. आपल्याकडे माथा 50,000 फुटांपुढे जाऊ शकतो, तुझं विमान 40,000 च्या आसपासच थकतं.

रडारवर आंधळा विश्वास टाकू नकोस. त्याला पाणी दिसतं. कोरडी गार, बर्फ फारसं दिसत नाही. क्रूझला, म्हणजे उंचीवर सरळ उडताना, टिल्ट (रडारच्या अँटेनाचा वर-खाली कोन) वर राहिला तर ढगाचा बर्फाळ माथा निरुपद्रवी हिरवा दिसतो. टिल्ट खाली आण, मग पोटातल्या जोरदार पावसाचा लाल उमटतो. त्या लालमागचा काळा भाग म्हणजे मोकळं आकाश नव्हे. अलीकडच्या पावसानेच रडारची शक्ती शोषलेली असते. 4 एप्रिल 1977 ला जॉर्जियात सदर्न एअरवेजच्या डीसी-9 च्या वैमानिकांना रडारने असंच चकवलं. गारा-पावसात दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान न्यू होपच्या रस्त्यावर उतरवावं लागलं. 72 माणसं गेली.

वळताना वारा येतो त्या अंगाने जा. ऐरणीसारखा माथा पसरलाय त्या बाजूला, वरून स्वच्छ दिसलं तरी, गारा मैलोन्मैल फेकल्या जातात.

21 मे 2025 चं दिल्ली–श्रीनगर विमान आठवतंय ना? सरहद्दीच्या बाजूला वळायची परवानगी मिळाली नाही, लाहोरच्या हवाई नियंत्रणानेही नकार दिला. मागे फिरायचा विचार झाला, तोवर ढग इतका जवळ आला होता की त्यातूनच जावं लागलं. विमानाचं नाक फुटलं, पण सगळे सुखरूप उतरले. वैमानिकांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. मात्र सरहद्दीलगतच्या मार्गावर नकार येणार हे धरूनच दुसरी बाजू आधी ठरवून ठेव, आणि जास्तीचं इंधन मागायला लाजू नकोस.

कॅप्टन गप्प असले तरी 80 मैलांवर तू तोंड उघड: "सर, डावीकडे पंधरा अंश मागू का?"

तुझा,
जुना इन्स्ट्रक्टर